'मोयामोया'ची खरी लढाई वेळेशी

(विशेष प्रतिनिधी)

खेळता खेळता मुलाच्या हातातला चेंडू गळून पडतो, जीभ अडखळते आणि पाच-दहा मिनिटांत सारे पूर्ववत होते. घरचे त्याला अशक्तपणा म्हणतात, शाळेत ते नाटक ठरते, तर कधी फिट समजून गोळ्या सुरू होतात. मात्र रडून दमल्यावर किंवा फुगा फुगवताना असे वारंवार घडत असेल, तर त्यामागे 'मोयामोया' हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा दुर्मिळ विकार असू शकतो. त्यावर शस्त्रक्रियेचा मार्ग उपलब्ध आहे. प्रश्न आहे तो मूल शल्यविशारदापर्यंत वेळेत पोहोचण्याचा.

या विकारात मेंदूला रक्त पुरवणाऱ्या प्रमुख धमन्या कवटीच्या तळाशी हळूहळू अरुंद होत जातात. ती तूट भरून काढण्यासाठी आसपास बारीक, नाजूक वाहिन्यांचे जाळे तयार होते. अँजिओग्राफीच्या चित्रात ते धुराच्या लोटासारखे दिसते, म्हणून जपानमधील सुझुकी आणि टाकाकू या डॉक्टरांनी १९६९ मध्ये त्याला हे जपानी नाव दिले. जोराने रडताना वा फुंकताना श्वास वेगाने होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूतील वाहिन्या आकुंचन पावतात. आधीच तुटपुंजा असलेला रक्तपुरवठा त्या क्षणी आणखी घटतो. मुलाचा हात लुळा पडतो तो यामुळे.

अॅस्पिरिनने रक्ताच्या गुठळ्यांना आळा बसतो, पण धमन्यांचे अरुंद होणे थांबत नाही. म्हणूनच मेंदूला रक्ताची दुसरी वाट करून द्यावी लागते. कानापुढून डोक्याच्या त्वचेकडे जाणारी धमनी मेंदूच्या पृष्ठभागावरील धमनीला थेट जोडणे, हा एक प्रकार. लहान मुलांच्या धमन्या अतिशय बारीक असल्याने हे काम अवघड ठरते. त्यामुळे मुलांमध्ये बहुधा दुसरा प्रकार वापरला जातो. त्यात तीच धमनी न कापता मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवून टाके घालतात. पुढील काही महिन्यांत तिच्यातून नव्या वाहिन्या मेंदूत रुजतात. वाढत्या वयाची ही देणगी मुलांना प्रौढांपेक्षा अधिक लाभते.

धोका अर्थातच आहे. बोस्टनच्या बालरुग्णालयातील १४३ मुलांवरील शस्त्रक्रियांचा आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या ३० दिवसांत ११ मुलांना पक्षाघाताचा झटका आला होता. मात्र वर्षाहून अधिक काळ पाठपुरावा झालेल्या १२६ मुलांपैकी केवळ चौघांना नंतर झटका आला. म्हणजेच जोखीम सुरुवातीलाच एकवटलेली असते आणि संरक्षण दीर्घकाळ टिकते. त्या नाजूक काळात मूल रडू नये, त्याला वेदना होऊ नयेत, शरीरातले पाणी व रक्तदाब घटू नये, यासाठी भूलतज्ज्ञ आणि परिचारिकांना डोळ्यांत तेल घालून जागावे लागते. शल्यविशारदाच्या कौशल्याइतकेच या पथकाला महत्त्व आहे.

भारतात तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, बंगळुरूची निम्हान्स यांसारख्या संस्थांमध्ये या शस्त्रक्रिया होतात. साखळीतील कच्चा दुवा त्याआधीचा आहे. अशा मुलाचा सीटी स्कॅन अनेकदा 'नॉर्मल' येतो आणि पालक निर्धास्त होतात. वास्तविक येथे एमआरआयसोबत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण हवे. फिट आलेल्या प्रत्येक मुलाला ही तपासणी करावी असे कोणी म्हणणार नाही. पण शरीराची एकच बाजू वारंवार लुळी पडते का, रडण्याशी त्याचा संबंध आहे का, हे दोन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक बाब दुर्लक्षून चालणार नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही काही मुलांच्या मेंदूच्या धमन्या अशाच अरुंद होतात. या आजाराच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्ततपासणीत आजार आढळलेल्या मुलांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाची डॉपलर सोनोग्राफीने नियमित तपासणी होणे तितकेच आवश्यक आहे. ती सोय मोठ्या शहरांपुरती राहिली, तर ज्यांना गरज सर्वाधिक तेच वंचित राहतील.

शस्त्रक्रियेने मृत झालेला मेंदूचा भाग परत मिळत नाही, उरलेला वाचतो. किती उरला आहे, हे मात्र शस्त्रक्रियागृहाबाहेर, घरात, शाळेत आणि पहिल्या डॉक्टरच्या दवाखान्यात ठरते. दोन झटक्यांमधल्या त्या 'पूर्ववत' दिसणाऱ्या दिवसांत मुलाला योग्य ठिकाणी पोहोचवणे, यातच उपचाराचे निम्मे यश आहे.