संप न करणाऱ्यांची पेन्शन

'निवृत्तिवेतन' म्हटलं की सरकारी परिपत्रक वाटतं, पण 'पेन्शन' हा शब्द मराठी घरात अगदी घरचा झालाय. मुलगा पोलिसात लागला की आईवडील पेढे वाटतात, ते निम्मे पगाराचे आणि निम्मे पेन्शनचे. म्हातारपणाची काळजी मिटली म्हणायचं! खरंच मिटते का?

१ नोव्हेंबर २००५ ही तारीख आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? राज्य सरकारच्या नोकरीत ती एखाद्या कुंपणासारखी उभी आहे. समजा, एकाच पोलीस ठाण्यात दोन शिपाई आहेत. एक ऑक्टोबर २००५ मध्ये भरती झालेला, दुसरा पुढच्या वर्षी. गणपतीचा बंदोबस्त दोघांना सारखाच, हुकलेली दिवाळी सारखीच. पण पहिल्याला निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. दुसऱ्याच्या पगारातून मात्र दरमहा १० टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं (आधी १० टक्के, नंतर १४), आणि ही रक्कम बाजारात गुंतवली जाते. हाती काय येईल ते बाजार ठरवणार. सेवेत असताना मृत्यू आला तर घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची सोयदेखील या लोकांसाठी २०२३ मध्ये झाली.

यावर फारसा आरडाओरडा का झाला नाही? कारण साधं आहे. २००६ साली बाविसाव्या वर्षी लागलेला शिपाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल तो २०४२ मध्ये. दुखणं आजचं, कळ उद्याची!

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. मोर्चांना बंदोबस्त कोणाचा होता? पोलिसांचाच. त्यांच्यात २००५ नंतर भरती झालेले असणारच. मागणी त्यांचीही तीच, पण त्यांनी उभं राहायचं ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्यावर बंधनं आहेत. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी आंदोलन करून पाहिलं, ते मोडून काढलं गेलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे.

आता कोणी म्हणेल, तिजोरीचं काय? प्रश्न रास्त आहे. जुनी पेन्शन त्या त्या वर्षीच्या करातून दिली जाते, आणि तो बोजा आपल्या मुलाबाळांवरच पडणार. सगळ्यांना सगळं द्या असं माझं म्हणणं नाही. पण २००४ मध्ये केंद्राने नवी योजना आणली तेव्हा सैन्यदलांना तिच्यातून वगळलं. ते योग्यच झालं. मग आगीत शिरणाऱ्या फायरमनला आणि दंगलीत दगड झेलणाऱ्या शिपायाला तोच न्याय का नको? दर १४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांना मानवंदना देतो. वंदन फुकट असतं, म्हणून ते आपल्याला परवडतं.

२०२४ मध्ये थोडी हालचाल झाली. मार्चमध्ये राज्याने निम्म्या पगाराच्या हमीची सुधारित योजना जाहीर केली. ऑगस्टमध्ये केंद्राची एकत्रित योजना आली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. हमी परत आली, ही चांगली गोष्ट. पण केंद्राच्या या योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातली कपात चालूच राहते आणि पूर्ण निम्मी रक्कम हवी तर २५ वर्षं सेवा लागते. काही नगरपालिका, महापालिकांनी कंत्राटावर घेतलेल्या फायरमनला आणि दिवसाच्या मानधनावरच्या होमगार्डला तर यातलं काहीच नाही.

मला एवढंच वाटतं, ज्यांना आपण संप करू देत नाही, त्यांच्या म्हातारपणाची हमी आधी द्यावी, बाकीच्यांची चर्चा मग करावी. ते स्वतः मागायला येणार नाहीत. त्यांच्या वतीने आपणच बोलायला हवं. तुम्हाला काय वाटतं?