खेळ ओनरशिपचा, करार लीव्ह अँड लायसन्सचा

न्यूयॉर्कहून गाडी काढावी आणि थेट लॉस एंजलिस गाठावे, वाटेत वाळवंट लागावे, बर्फ लागावा, शहरे आणि जंगले मागे पडत जावीत, अशी मौज देणारा ‘द क्रू’ नावाचा व्हिडिओ गेम युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४मध्ये बाजारात आणला. एक कोटीहून अधिक लोक तो खेळले. डिसेंबर २०२३मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी आपले सर्व्हर बंद केले. ज्यांनी दुकानात पैसे मोजून त्याची डिस्क आणली होती, त्यांची डिस्क कपाटात तशीच आहे. डबा आहे, डब्यावरचे चित्र आहे, खेळ तेवढा नाही. कारण एकट्याने खेळायचे म्हटले तरी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी मिळाल्याखेरीज ही गाडी जागची हलत नसे. पुढे थोड्याच दिवसांत अनेक ग्राहकांच्या खात्यांवरून त्या खेळाचा परवानाही काढून घेण्यात आला.

पोरांचा खेळ बंद पडला, त्यात एवढे काय, असे एखाद्या आजोबांना वाटेल. पण कन्सोलचा एक नवा खेळ आज आपल्याकडे चार-पाच हजार रुपयांना पडतो. वाढदिवसाला, दहावीच्या निकालाला घरातलेच कोणीतरी तो घेऊन देते. एवढ्या रकमेची दुसरी कुठलीही वस्तू दुकानदार दहा वर्षांनी घरी येऊन उचलून नेऊ लागला, तर आजोबाच आधी काठी घेऊन उभे राहतील. शिवाय ही रीत खेळांपुरती राहिलेली नाही. ॲमेझॉनने जुलै २००९मध्ये किंडलवर विकलेली जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणे. पैसे परत दिले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण आपल्या उशाशी ठेवलेल्या पुस्तकापर्यंत दुकानदाराचा हात पोचतो, हे त्या दिवशी लोकांना कळले. डिसेंबर २०२३मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर पैसे देऊन घेतलेल्या डिस्कव्हरीच्या मालिका वर्षअखेरीस दिसेनाशा होतील असे जाहीर केले. ओरड झाली, नवा करार झाला आणि मालिका तूर्त वाचल्या.

हे सारे कायद्याला धरून होते, ही यातली खरी मेख आहे. ती समजायला मराठी माणसाला फार लांब जावे लागणार नाही. ओनरशिपचा फ्लॅट म्हणजे काय आणि लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेली जागा म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. लायसन्सवर राहणाऱ्याने कितीही रंगरंगोटी करावी, जागेत त्याचा हक्क निर्माण होत नाही. आपला १८८२चा ईझमेंट कायदा हेच सांगतो : लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत काही करण्याची मुभा, मालमत्तेतला हिस्सा नव्हे. खेळाच्या दुकानात पडद्यावर ‘खरेदी करा’ असे बटण असते आणि त्याखालच्या, कोणीही न वाचणाऱ्या लांबलचक करारनाम्यात ‘लायसन्स’ हाच शब्द असतो. फरक एवढाच की, अकरा महिन्यांचा करार करताना घरमालक निदान मुदत तरी लिहून देतो. इथे मुदत कोरी ठेवलेली असते आणि ती भरण्याचे पेन कंपनीच्या खिशात असते.

छापील पुस्तकाच्या बाबतीत हा प्रश्न केव्हाच सुटला होता. अमेरिकेत एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीवर छापले की, हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीला विकाल तर हक्कभंग होईल. एका मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८मध्ये न्यायालयाने सांगितले की, एकदा प्रत विकली की तिची पुढची विक्री कोणत्या भावाने व्हावी हे प्रकाशकाने ठरवायचे नाही. आपल्याकडे अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तके अर्ध्या किमतीत मिळतात, ती याच समजुतीवर. प्रत ज्याची, हक्क त्याचा. त्याने ती वाचावी, विकावी, भाच्याला द्यावी किंवा रद्दीत घालावी.

खेळांच्या जुन्या कॅसेटी याच जातीच्या होत्या. १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायच्या त्या यंत्रात कॅसेट खोचली की खेळ सुरू होई; चालली नाही तर फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. गल्लीत पाच मुलांत पाच कॅसेटी असल्या तरी प्रत्येकाला पाचही खेळ खेळायला मिळत. कंपनीला त्याचा पत्ताही नसे. (त्यातल्या पुष्कळ कॅसेटी मुळात नकली होत्या, तो भाग वेगळा.) आज डिस्क घेतली तरी तिच्यावर पुष्कळदा अर्धाच खेळ असतो, उरलेला उतरवून घ्यावा लागतो. निन्टेन्डोने जून २०२५मध्ये स्विच २ हे यंत्र आणले. त्याच्या काही खेळांच्या कार्डांत खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. कार्ड खोचायचे आणि खेळ इंटरनेटवरून आणायचा. ही किल्ली निदान दुसऱ्याला देता-विकता येते, हे मान्य. पण ज्या गोदामातून माल आणायचा ते गोदामच उद्या बंद झाले तर किल्ली घेऊन जायचे कुठे? सोनीच्या नोव्हेंबर २०२४मधल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्कची खाचही नाही. ती हवी तर वेगळी विकत घ्यायची.

हा बदल ग्राहकांना न विचारता झाला असे म्हणणे मात्र पुरते खरे नाही. एकदा त्यांना विचारले गेले होते आणि त्यांनी खणखणीत नकार दिला होता. मायक्रोसॉफ्टने २०१३मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर केला, तेव्हा यंत्राने दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावलीच पाहिजे, नाहीतर खेळ बंद, अशी अट होती. जुनी डिस्क विकण्यावर, मित्राला देण्यावरही बंधने होती. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करावे, या प्रश्नावर कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याने, त्यांच्यासाठी आमचे जुने यंत्र एक्सबॉक्स ३६० आहे की, असे उत्तर दिले. बोटीवर महिनोन् महिने राहणारे नौसैनिक भडकले. सोनीने संधी साधून एक चिमुकली चित्रफीत काढली : खेळ उसना कसा द्यावा? एका माणसाने डबा पुढे करायचा, दुसऱ्याने घ्यायचा. संपले. मायक्रोसॉफ्टने १९ जून २०१३ रोजी सपशेल माघार घेतली.

दहा-बारा वर्षांत गंमत अशी झाली की, तेव्हा दारातून हाकललेली अट सोयीच्या रूपाने खिडकीतून आत आली. आणि सोय खरोखर आहे. चिपळूण किंवा परभणीच्या मुलाला नव्या खेळासाठी मुंबईच्या दुकानाची वाट पाहावी लागत नाही. डिस्कला ओरखडे पडत नाहीत, धाकटी बहीण ती बशी म्हणून वापरत नाही. सणासुदीला निम्म्या किमतीत खेळ मिळतात. लोक फसले म्हणून तिकडे गेले असे नाही. स्वस्त आणि सोपे होते म्हणून गेले. मात्र जाताना काय मागे सोडले ते दिसायला यंत्र रुसावे लागते. फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीची प्लेस्टेशन सेवा जगभर सुमारे एक दिवस बंद पडली. ज्यांनी आपला कन्सोल खात्यात ‘मुख्य यंत्र’ म्हणून नोंदवला होता, त्यांचे एकट्याने खेळायचे खेळ चालू राहिले. नोंदवला नव्हता त्यांचे स्वतःच्या पैशांचे खेळही अडले. घरात कन्सोल असेल तर ही नोंद आजच तपासून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे.

खेळाहून नाजूक गोष्ट आहे ती खेळलेल्या खेळाची. मूल वर्षभर खेळून जे मिळवते, जे गाव वसवते, जो संघ बांधते, त्याची नोंद म्हणजे ‘सेव्ह’. ही वही कुठे असते? पूर्वी कॅसेटमध्ये किंवा छोट्या मेमरी कार्डात असे. खिशात घालून मित्राकडे नेता येई. आज ती यंत्राच्या पोटात असते आणि तिची नक्कल ‘क्लाउड’वर. शब्द ढगाचा असला, तरी ढग म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला दुसऱ्याचा संगणक. एक्सबॉक्स ही नक्कल फुकट ठेवतो. प्लेस्टेशन ५च्या खेळांची सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येत नाही. क्लाउडवर ठेवायची तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरा. गंमत म्हणजे त्याच यंत्रावर जुन्या प्लेस्टेशन ४च्या खेळांची सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येते. तेव्हा अडचण तंत्राची आहे हे पटत नाही. निन्टेन्डो स्विचवरही नक्कल ठेवायला वर्गणीच लागते. ती थकली तर क्लाउडवरची वही १८० दिवस राखण्याची हमी आहे, पुढची नाही. काही खेळांना तर ही सोयच नाकारलेली आहे, कारण त्यातून लबाडी होईल ही धास्ती. कोविडच्या टाळेबंदीत, मार्च २०२०मध्ये आलेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये घराघरांतल्या मुलांनी, आयांनी बेटे सजवली. एका यंत्रावर सगळ्या कुटुंबाचे मिळून एकच बेट. त्याची नक्कल ठेवण्याची वेगळी सोय जुलैमध्ये आली, तीही वर्गणीदारांनाच. तोवर ज्यांचे यंत्र पाण्यात पडले त्यांचे बेट बुडाले.

घरातल्या कर्त्या माणसांनी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. संगणकावरच्या खेळांचे सर्वांत मोठे दुकान म्हणजे स्टीम. तिथले खाते मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, असे त्या दुकानाने २०२४मध्ये एका ग्राहकाला कळवले. आजोबांची पुस्तके नातवाला मिळतात. बापाचे दोनशे खेळ मुलाला कायद्याने मिळत नाहीत. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने याच दुकानाविरुद्ध, घेतलेला खेळ पुन्हा विकू द्या म्हणून दावा लावला. २०१९मध्ये ती जिंकली, २०२२मध्ये अपिलात हरली.

तुटलेल्या भांड्याला सगळ्यांनी सारखीच भरपाई दिली असेही नाही. गूगलने स्टेडिया ही सेवा जानेवारी २०२३मध्ये गुंडाळली, तेव्हा खेळांचे पैसे परत केले. सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ २०२४मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत मागे घेतला आणि पैसे दिले. ‘द क्रू’ वर्षानुवर्षे जुना, त्यामुळे बहुतेकांच्या हाती काही पडले नाही. कॅलिफोर्नियातल्या दोघा ग्राहकांनी नोव्हेंबर २०२४मध्ये युबीसॉफ्टवर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, हे म्हणजे पिनबॉलचे यंत्र घरी आणावे आणि काही वर्षांनी पाहावे तो कंपनीची माणसे येऊन त्याचे सगळे सुटे भाग काढून घेऊन गेलेली असावीत. कंपनीचे उत्तर : आम्ही मर्यादित परवाना विकला होता, मालकी नव्हे.

कॅलिफोर्नियाने कायदाही केला. १ जानेवारी २०२५पासून तिथे परवानाच देणाऱ्या दुकानाला तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. जो खेळ कायमचा उतरवून, इंटरनेटविना वापरता येतो त्याला यातून सूट आहे. कायदा चांगलाच आहे, पण तो पाटी बदलतो, करार बदलत नाही. सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखे याचे होईल, अशी मला भीती वाटते : सगळे वाचतील आणि बटण दाबतील.

युरोपात मागणी अधिक मुद्द्याची झाली. सर्व्हर कायम चालवा असे कोणीच म्हणत नाही. सर्व्हरला वीज लागते, माणसे लागतात, गाड्या आणि गाणी यांचे परवाने संपतात; हे रास्त आहे. मागणी इतकीच की, दुकान बंद करताना विकलेला खेळ खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या माणसाने एप्रिल २०२४मध्ये ही मोहीम सुरू केली. युरोपीय महासंघाकडे द्यायच्या अर्जावरच्या सह्यांनी जुलै २०२५मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला. खेळ-कंपन्यांच्या युरोपातील संघटनेने, असे बंधन घातले तर हे खेळ बनवणे परवडणार नाही, असे उत्तर दिले. ब्रिटिश संसदेतही ३ नोव्हेंबर २०२५ रोजी चर्चा झाली. सरकारने, कायदा बदलण्याचा विचार नाही, असे सांगितले.

दरम्यान ग्रंथालयांनाही दार बंदच आहे. अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये दाखवून दिले. तरी अभ्यासकांना ते घरबसल्या उपलब्ध करून देण्याची ग्रंथालयांची विनंती ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने फेटाळली.

परवडणार नाही, या उत्तराचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ‘द क्रू’वरून झालेल्या ओरडीनंतर युबीसॉफ्टने त्याच्या पुढच्या भागाला, ‘द क्रू २’ला, सर्व्हरशिवाय चालण्याची सोय देऊ असे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०२५मध्ये ती दिलीही. त्याच्या महिनाभर आधी काही हौशी मंडळींनी पदरमोड करून, कंपनीच्या मदतीविना, पहिल्या ‘द क्रू’साठी स्वतःचा सर्व्हर लिहून काढला आणि तो खेळ पुन्हा रस्त्यावर आणला. पण तो चालतो फक्त संगणकावर. कन्सोलमध्ये बाहेरचे काही घालता येत नाही, त्यामुळे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाल्यांची डिस्क आहे तिथेच कपाटात आहे.