संगणक बदलण्याआधी मजकूर सोडवून घ्या

साताऱ्यात गेली सत्तावीस वर्षं मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, गावोगावच्या लेखकांची पुस्तकं, सगळं पेजमेकरमध्ये लावलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले, तेव्हा मीही विंडोज ११ चा संगणक घेतला. जुन्या फाइली नव्या मशीनवर टाकल्या आणि काम झालं असं समजले.

महिन्याभरात एक ताई आल्या. त्यांचे वडील शिक्षक होते. गावातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी गोळा केल्या होत्या, प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव होतं. २००३ साली तीनशे प्रती मीच लावून दिल्या होत्या. गुरुजी आता नाहीत, गाणाऱ्याही बहुतेक गेल्या. ताईंना पुस्तक पुन्हा छापायचं होतं. नव्या संगणकावर पेजमेकर बसेना. मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरला लॉक होतं. त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, ती तो घेईना. वर्डमधली प्रत उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच.

हे का होतं, ते प्रत्येक मराठी लिहिणाऱ्यानं समजून घ्यायला हवं. जुन्या फाँटमध्ये मराठी दिसते, पण साठवलेली असतात रोमन अक्षरांचीच ठिकाणं. फाँट गेला की भाषाही गेली. अशा फाइलची पीडीएफ केली तर ती डोळ्यांना मराठी दिसते, पण त्यातली ओळ कॉपी केली की बहुतेक वेळा कचराच हाती येतो. युनिकोड या पद्धतीत देवनागरी अक्षरांना स्वतःची ठिकाणं १९९१ पासून आहेत. तरी आपण कितीतरी वर्षं जुन्याच फाँटात लिहीत राहिलो.

जुना संगणक एक्स्चेंजमध्ये द्यायचा राहिला होता, म्हणून वाचलो. त्यावर मजकूर काढला आणि कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. तरी काम संपलं नाही. ‘किती’ लिहिताना जुन्या फाँटात वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, युनिकोडमध्ये ‘क’ आधी. ‘सूर्य’मधला रफार तिथे ‘य’नंतर, इथे ‘य’च्या आधी. एवढ्या उलथापालथीत कन्व्हर्टर कुठे ना कुठे चुकतोच. जोडाक्षरं फुटली, रफार शेजारच्या अक्षरावर गेले. छापील प्रत शेजारी ठेवून आम्ही दोघींनी तीन आठवडे ओळन् ओळ तपासली.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. अपडेट टाळू नका, सुरक्षा अपडेट नसलेला संगणक इंटरनेटला जोडून ठेवणं धोक्याचंच. पण नव्या मशीनचे पैसे देण्याआधी जुन्यावर बसून यादी करा: कोणती सॉफ्टवेअर रोज लागतात, कशाला लॉक आहे, कोणत्या फाइली दुसरीकडे उघडतच नाहीत. त्यातला मजकूर जुनं मशीन चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये काढा आणि नव्या संगणकावर उघडून, वाचून बघा. ते होईपर्यंत जुनं मशीन भंगारात देऊ नका, नेटची वायर काढून बाजूला ठेवा. लेखकांनी, ग्रंथालयांनी आणि संस्थांनी छापखान्याकडून पुस्तकाबरोबर युनिकोड फाइलही मागून घ्यावी. आम्ही डीटीपीवाल्यांनी ती न मागता द्यावी. आपल्या कपाटातल्या सीडींमध्ये कुणाचं आयुष्यभराचं काम पडलं आहे, हे आपल्यालाच माहीत असतं.

फाइल तयार झाली त्या दिवशी ताईंनी शोधाच्या चौकटीत आपल्या आजीचं नाव टाइप केलं. अकरा ओव्या निघाल्या. त्या खुर्चीत बसून त्यांनी एकेक मोठ्यानं वाचली.