भाता रिकामा झाल्यावर

डिसेंबरचा अंक आणि कराचीची आठवण यांचे आपल्या मासिकात जुने नाते आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कमांडर बबरू भान यादव यांच्या नेतृत्वाखाली ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीसमोर जे केले, त्यावर दरवर्षी लिहिले जाते आणि लिहिले जायलाच हवे. यंदा आम्हाला त्यानंतरच्या चौथ्या रात्रीबद्दल बोलायचे आहे. ८ डिसेंबरला ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या फ्रिगेटच्या सोबतीने ‘विनाश’ ही एकटी क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेली. तिच्यावर चार स्टिक्स क्षेपणास्त्रे होती. चारही तिने डागली. केमारीच्या तेलटाक्या पेटल्या, बंदराबाहेर नांगरलेली जहाजे सापडली, आणि ‘विनाश’ माघारी वळली. थांबून तिला करण्यासारखे काही उरलेच नव्हते. भाता रिकामा झाला होता.

आज समुद्रातून सुटणाऱ्या क्रूझ क्षेपणास्त्राविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात दोनच प्रश्न असतात : पल्ला किती आणि वेग किती. आमच्याकडे येणारे लेखही याच दोन आकड्यांभोवती फिरतात. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण गेल्या पस्तीस वर्षांतली युद्धे नीट पाहिली, तर ती तिसराच प्रश्न विचारतात. भात्यात बाण किती, आणि ते संपल्यावर दुसरे कुठून, किती दिवसांत येणार?

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी युद्धनौका आणि पाणबुड्यांनी २८० हून अधिक टॉमहॉक इराकवर सोडली. २००३ मध्ये हा आकडा ८०० च्या पुढे गेला. २०१७ च्या एप्रिलमध्ये ‘पोर्टर’ आणि ‘रॉस’ या दोनच विनाशिकांनी सीरियातल्या शायरात हवाई तळावर ५९ क्षेपणास्त्रे टाकली. धावपट्ट्यांवर मारा केलेला नव्हता, आणि दुसऱ्याच दिवशी त्या तळावरून सीरियाची विमाने उडाली. एका तळावरच्या एका रात्रीच्या कारवाईचा हा खर्च आहे. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गातल्या नव्या विनाशिकेवर ९६ खण असतात. त्या खणांतच विमानविरोधी क्षेपणास्त्रे बसवायची, पाणबुडीविरोधी अस्त्रे बसवायची आणि टॉमहॉकही. म्हणजे स्वतःच्या बचावासाठी ठेवलेला प्रत्येक बाण हल्ल्याच्या बाणाची जागा खातो.

रशियाचे उदाहरण आम्हाला अधिक बोलके वाटते, कारण ते छोट्या जहाजांचे आहे. ७ ऑक्टोबर २०१५ रोजी कॅस्पियन समुद्रातून २६ कालिब्र क्षेपणास्त्रे सुटली आणि सुमारे १५०० किलोमीटरवरच्या सीरियात पडली. मारा करणाऱ्या चार जहाजांपैकी ‘दागेस्तान’ तेवढी फ्रिगेट होती. बाकीच्या तीन बुयान-एम वर्गातल्या, साडेनऊशे टनांच्या आसपासच्या नौका. एवढ्याशा नौकेने दोन देश ओलांडून मारा करावा, हे नवल होते. पण प्रत्येकीवर कालिब्रचे खण आठच. चौघींचे मिळून ३२. त्यातले २६ एकाच हल्ल्यात रिते झाले. कॅस्पियन शांत होता आणि मागे कोणी लागले नव्हते, म्हणून त्या निवांत बंदरात परतल्या.

काळ्या समुद्रात तो निवांतपणा उरला नाही. २०२२ च्या फेब्रुवारीपासून तिथल्या जहाजांनी आणि पाणबुड्यांनी युक्रेनच्या शहरांवर कालिब्र सोडली. खुल्या समुद्रात त्या जहाजांना गाठणे युक्रेनला अवघड होते, पण रिकामे झालेले जहाज धक्क्याला येणारच, हे त्याला पक्के ठाऊक होते. १३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे सेवास्तोपोलच्या कोरड्या गोदीत ‘रोस्तोव्ह-ना-दोनू’ या पाणबुडीवर हवेतून सोडलेली क्रूझ क्षेपणास्त्रे आदळली. २०१५ च्या डिसेंबरमध्ये भूमध्य समुद्रातून सीरियावर कालिब्र डागणारी पाणबुडी हीच. तिला घायाळ केले ते गोदीत, पाण्याबाहेर उभी असताना. पुढे २०२४ च्या मे महिन्यात ‘त्सिक्लोन’ ही कालिब्रवाहू नौका सेवास्तोपोलच्या बंदरातच बुडवल्याचे युक्रेनने जाहीर केले. रशियाला आपली बरीचशी जहाजे पूर्वेला नोव्होरोसिस्ककडे हलवावी लागली. दीड हजार किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचे सगळे गणित एका धक्क्यापाशी आणि एका क्रेनपाशी येऊन अडते, हे या युद्धाने दाखवले. युद्धनीतीच्या पुस्तकांत या धक्क्याला फारशी जागा नसते. गोदीत आयुष्य घालवलेल्या आपल्या वाचकांना मात्र हे सांगावे लागणार नाही.

समुद्रातच भाता भरता आला तर? हा विचार नवा नाही. अमेरिकेच्या आधीच्या जहाजांवर तीन खणांची जागा अडवून घडीची क्रेन बसवलेली असे. डोलत्या समुद्रात ती उपयोगाची ठरली नाही आणि नंतरच्या जहाजांवरून ती काढून टाकण्यात आली. ज्यांनी कधी क्षेपणास्त्राची पेटी खणात उतरवली आहे, त्यांना यातली अडचण डोळ्यांपुढे दिसेल. ब्राह्मोस आठ मीटरहून लांब आणि सुमारे तीन टन वजनाचे असते. धक्क्याला बांधलेल्या जहाजावरसुद्धा ते उभे धरून, कडेला धक्का न लावता खाली सोडणे हे दम रोखून करायचे काम आहे. दोन जहाजे शेजारी शेजारी चालताहेत, दोन्ही आपापल्या लयीत हेलकावताहेत, आणि मधल्या दोरावरून ही पेटी यायची आहे, अशी कल्पना करा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या नौदलाने ‘चोझिन’ या क्रूझरवर सॅन दिएगोजवळच्या समुद्रात असा प्रयोग करून दाखवला. पेटी रिकामी होती, वेग संथ होता. तरीही तो प्रयोग आम्ही या दशकातल्या महत्त्वाच्या घटनांत धरतो. ज्या नौदलाकडे सर्वांत मोठा भाता आहे, त्यालाच तो अपुरा पडण्याची धास्ती वाटते आहे.

आता आपल्याकडे. माझगाव गोदीत बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’, ‘मुरगाव’, ‘इम्फाळ’ आणि ‘सुरत’ या चारही विनाशिकांवर ब्राह्मोसचे प्रत्येकी १६ खण आहेत. हवाई बचावाच्या बराक-८ साठी ३२ खण वेगळे आहेत, त्यामुळे बचाव हल्ल्याची जागा खात नाही. ही रचना आम्हाला शहाणपणाची वाटते. तरीही सोळा म्हणजे सोळाच. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी चांदीपूरला लांब पल्ल्याच्या जमिनीवर मारा करणाऱ्या स्वदेशी क्रूझ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली. तेही युद्धनौकांवरच्या उभ्या नळ्यांतून सोडता येईल असे बनवले आहे. ते आले की विनाशिकेच्या कप्तानापुढे नवा पेच उभा राहील : सोळांपैकी किती खण जहाजे बुडवणाऱ्या ब्राह्मोसला द्यायचे आणि किती दूरच्या लक्ष्यांना? बंदर सोडताना घेतलेला हा निर्णय समुद्रात बदलता येणार नाही.

लक्ष्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण इथे आपल्या व्यवसायाची नैतिक बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे आम्हाला मान्य नाही. ‘विनाश’च्या चार क्षेपणास्त्रांपैकी एक पनामाच्या ‘गल्फ स्टार’ला लागले आणि ती बुडाली, एक ब्रिटिश ‘हरमॅटन’ला लागले. दोन्ही तिऱ्हाईत देशांची मालवाहू जहाजे. स्टिक्सच्या रडारला झेंडा कळत नव्हता. आजच्या क्षेपणास्त्राला उपग्रहाची दिशा आहे, नकाशा आहे, ते नेमून दिलेल्या इमारतीवर पडते. पण ती इमारत नेमणारा माणूस चुकला तर? १९९८ च्या ऑगस्टमध्ये खार्टूमच्या अल-शिफा औषध कारखान्यावर टॉमहॉक अचूक पडली. तिथे रासायनिक अस्त्रांचा घटक बनतो हा दावा मात्र पुढे सिद्ध होऊ शकला नाही. १४ जुलै २०२२ ला काळ्या समुद्रातून सुटलेली कालिब्र विनित्सिया शहराच्या भर मध्यात, भर दिवसा पडली. वीसहून अधिक माणसे गेली, त्यांत तीन लहान मुले होती. क्षेपणास्त्र अचूक असणे आणि निर्णय अचूक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजके बाण असलेल्या नौदलाने तर एकही बाण अंदाजावर सोडू नये. बाण मोलाचा आहे म्हणून, आणि त्याहून आधी, समोर माणसे आहेत म्हणून.

शस्त्र चढवण्याच्या कामात घाईला जागा नसते. १४ ऑगस्ट २०१३ च्या रात्री मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ नौसैनिक गेले. शस्त्रसज्ज जहाज धक्क्याला असते तेव्हा काय पणाला लागलेले असते, हे मुंबईने पाहिले आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, पश्चिम किनाऱ्यावर एकापेक्षा अधिक ठिकाणी क्षेपणास्त्रे चढवण्याची पक्की, सुरक्षित सोय असावी, तिचा सराव शांततेच्या काळात रात्री आणि पावसाळ्यातही व्हावा, आणि समुद्रात भाता भरण्याचा प्रयोग आपल्या अभियंत्यांनी आतापासून हाती घ्यावा. नव्या जहाजाच्या जलावतरणाला जेवढा मान मिळतो, तेवढा उरणजवळच्या करंजाच्या शस्त्रागारात पेट्या तपासणाऱ्या माणसाला मिळत नाही, हे बदलायला हवे. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये ब्राह्मोसचा सांगाडा घडतो, लार्सन अँड टुब्रोत उभ्या नळ्या बनतात, आणि त्यांच्यामागे लहानमोठ्या कारखानदारांची रांग उभी आहे. युद्धाच्या तिसऱ्या आठवड्यात ही रांग महिन्याला किती क्षेपणास्त्रे पुरवू शकेल, हा प्रश्न संरक्षण खात्याने आजच विचारावा.

आपल्या वाचकांत क्रेन चालवलेले, पेट्या उतरवलेले, नळ्यांची दुरुस्ती केलेले अनेक जण आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांचे हे ज्ञान घरीच राहते. त्यांना आमची विनंती आहे : गोपनीयतेची मर्यादा सांभाळून आपले अनुभव लिहून पाठवा. भाषेची काळजी करू नका, ती आम्ही पाहू. फेब्रुवारीच्या अंकातली पाने तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत.