संशयाचा बळी

काशीला दशाश्वमेध घाटाच्या शेजारीच अहिल्याबाई घाट आहे. मराठी यात्रेकरू तिथं पायऱ्यांवर टेकले, की एक गोष्ट हमखास निघते. मुलगा मालेराव याच्या रथाखाली वासरू मेलं, तेव्हा अहिल्याबाईंनी पोटच्या पोराला तीच शिक्षा फर्मावली आणि मग गाईनंच रथ अडवला! गोष्ट ऐकायला छान. पण आहे दंतकथाच.

सर जॉन माल्कम यांनी मध्य भारतावरच्या १८२३ च्या ग्रंथात दिलेली हकिकत वेगळी आणि अंगावर काटा आणणारी आहे. मालेरावांनी निव्वळ संशयावरून एका कशिदाकाराचा जीव घेतला. तो निर्दोष होता, हे मागाहून कळलं. त्या टोचणीनं मालेरावांना वेड लागलं. मेलेल्याच्या भुतानंच झपाटलंय, असं लोक म्हणू लागले. आई उशाशी बसून राहिली. पण १७६७ मध्ये मालेराव गेले.

निरपराध माणूस मारला गेला, तर ती चूक दुरुस्त कशी करायची? बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ (१९६०) हा कृष्णधवल चित्रपट याच प्रश्नापाशी येतो. सुरुवातीलाच जीवन आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. ज्याच्या खुनाबद्दल त्यानं शिक्षा भोगली, तो माणूस जिवंतच होता! गेलेली वर्षं परत द्या, असं तो न्यायालयाला सुनावतो. न्यायाधीश अशोककुमार निरुत्तर.

पुढं एका सावकाराचा खून होतो आणि पकडला जातो भुरटा चोर कालिया. खुनी कोण, हे वकील राजेंद्रकुमारनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तो खुनी म्हणजे त्याचे होणारे सासरे, खुद्द न्यायाधीशमहाराज! खटलाही त्यांच्याचपुढे. इकडे आड, तिकडे विहीर. मास्टर विनायकांची कन्या नंदा यात नायिका आहे. पण लक्षात राहतो तो नाना पळशीकरांचा केविलवाणा कालिया. त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, ते योग्यच झालं.

अख्ख्या चित्रपटात गाणं एकही नाही. त्या काळी हे धाडसच! आणि कुणाला त्याची आठवणही होत नाही.

फाशी फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं ते १९८० मध्ये, ‘कानून’नंतर वीस वर्षांनी. नव्या न्याय संहितेतही ती शिक्षा कायम आहे.

डोळ्यांनी पाहिलेलं तरी कितपत खरं मानायचं, हे शेवटी कळतं. ते इथं सांगून टाकणं बरं नव्हे. ज्यांनी पाहिलाय, त्यांनीही शेजाऱ्याला सांगू नये!