रोमा साहित्य म्हणजे भटकंतीचे गाणे नव्हे



रोमा लोकांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यांचे मूळ भारतात आहे हे भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे, त्यावर वाद नाही. पण 'आपलेच दुरावलेले भाऊ' आणि 'रक्तातच भटकंती' एवढ्यात त्यांचे साहित्य गुंडाळणे मला साफ अमान्य आहे.

ऑस्ट्रियाच्या चाया स्टोइका या रोमा लेखिकेने १९८८ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. आऊश्वित्झ, राव्हेन्सब्रूक, बर्गेन-बेल्सन या नाझी छळछावण्या ही तिच्या बालपणाची वाट. याला भटकंती म्हणायचे? आजच्या रोमानियाकडच्या वालाखिया-मोल्डाव्हियात तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोमा गुलाम होते.

पोलंडची रोमा कवयित्री पापुशा, म्हणजे ब्रोनिस्लाव्हा वाइस, पाहा. शाळेचे तोंड न पाहिलेली ही मुलगी कोंबड्या देऊन एका ज्यू दुकानदारिणीकडून वाचायला शिकली. महायुद्धात व्होल्हिनियाच्या जंगलात जर्मनांपासून लपून काढलेले दिवस तिने रोमानी भाषेतल्या दीर्घ कवितेत मांडले. १९४९ मध्ये येझी फित्सोव्स्की हा कवी तिच्या तांड्यात राहिला. त्याने तिच्या कविता पोलिशमध्ये आणल्या आणि रोमांना एका जागी बसवण्याच्या सरकारी धोरणाची भलामणही केली. रोमा समाजाने मात्र दोष तिच्या माथी मारला: हिने आपली गुपिते परक्यांना दिली. तिला वाळीत टाकले. ती मनोरुग्णालयात गेली, लेखणी जवळजवळ थांबली. १९६४ पासून पोलिसांनी तांडे सक्तीने अडवले. आपल्याबद्दल कोण बोलणार आणि त्याची किंमत कोण मोजणार, हा तिच्यापुढचा ओळखीचा प्रश्न होता. हजार वर्षांपूर्वीच्या मुळाने त्याचे उत्तर मिळत नाही.

मी सोलापूरचा. ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात डांबलेल्यांची 'सेटलमेंट' आमच्या शहरात होती आणि ते नाव आजही चालते. सरकार माणसे 'वसवते' म्हणजे काय करते, हे इथे कुणाला समजावावे लागत नाही. लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनांनी भटक्यांच्या जगण्याचे कौतुक करण्याची आपली सोय मोडली. रोमा लेखकांना आपण अजून तेवढेही ऐकलेले नाही.

म्हणून विनंती, रोमांच्या मुळांवर आणखी एक लेख नको. पापुशा, स्लोव्हाकियाची एलेना लात्स्कोव्हा, फ्रेंचमध्ये लिहिणारा मातेओ मॅक्सिमॉफ यांचे लेखन मराठीत आणवून घ्या, अनुवादकाला रीतसर मानधन द्या आणि दर रविवारी पुरवणीचे एक पान त्यासाठी ठेवा.

– एक वाचक, सोलापूर