पाळण्यातलं नाव, रकान्यातलं नाव

जनरल रजिस्टरमधलं मुलीचं नाव वाचलं, की जन्मतारखेच्या रकान्याकडे न बघता तिचं साधारण वय मी सांगू शकते. वाईजवळच्या एका शाळेत लिपिक म्हणून लागले, मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले आणि मधली सगळी वर्षं दाखले लिहिण्यात गेली. सुशीला, कमल, विमल, कुसुम म्हणजे दाखल्याची दुय्यम प्रत मागायला आलेली आजी. मंगल, सुनंदा, शोभा म्हणजे तिची मुलगी. मग वैशाली, मनीषा, संगीता. पुढे पूजा आणि प्रियांका इतक्या झाल्या, की हजेरी घेताना बाईंना आडनाव पुकारल्याशिवाय गत्यंतर नसायचं. बच्चनांच्या घरात 2011 मध्ये आराध्या जन्मली आणि पाच-सहा वर्षांनी आमच्या पहिलीच्या वर्गात आराध्या येऊ लागल्या. शनायाचं तर फारच वाईट झालं. 2012 च्या एका हिंदी सिनेमातून ते नाव घरोघरी पोचलं आणि 2016 मध्ये गाजलेल्या मराठी मालिकेत नवऱ्याच्या प्रेयसीला तेच मिळालं. त्या नावाच्या पोरींनी काय काय ऐकून घेतलं असेल, ते त्यांनाच माहीत.

ज्या नावावर सालाचा शिक्का बसलाय, ते मुलीला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गौरी, मीरा, राधा, उमा, मुक्ता ही नावं मी पिवळ्या पडलेल्या पानांवर वाचली आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षी नव्या पानांवर लिहिलीही. ती तेव्हा जुनाट वाटली नाहीत, आजही वाटत नाहीत. ‘जरा वेगळं हवं’ म्हणून शोधलेलं नाव मात्र त्याच वर्षी आणखी शंभर घरांत शोधलं गेलेलं असतं. सगळे एकाच मोबाइलमध्ये शोधतात, मग दुसरं काय होणार?

अलीकडे माझ्या भाच्याला मुलगी झाली. घरच्या ग्रुपवर नावांची यादी पडली, आणि पाठोपाठ गुरुजींचा निरोप: आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर ङ. आता ङ वरून नाव कुठून आणायचं? अवकहडा चक्र ज्यांनी केलं, त्यांनी बहुधा बारशाचा विचार केला नव्हता. हस्त नक्षत्रावर जन्मलेल्यांच्या वाट्याला तर ष, ण आणि ठ येतात. शेवटी मिथुन राशीचं क, छ, घ यातलं कुठलंही चालेल अशी तडजोड निघाली आणि यादीत कियारा सर्वांत वर गेली. मी गप्प होते. ग्रुपवर आत्याने फार बोलू नये, हे मला कळतं.

भाचेसुनेने मात्र रात्री फोन केला. “आत्या, माझ्या पणजीचं नाव कृष्णा होतं. जुनं वाटेल का हो?”

वाईत राहणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारायचा! आमच्याकडे घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो, नदीला आम्ही बाई म्हणतो. महाबळेश्वरला उगम पावलेलं हे नाव आंध्रात समुद्राला मिळतं, वाटेत कुठे जुनं झालेलं मी ऐकलं नाही. नदीचं नाव मुलीला देण्यात कमीपणाही नाही. इरावती कर्वे 1905 मध्ये ब्रह्मदेशात जन्मल्या, म्हणून त्यांना तिथल्या इरावती नदीचं नाव मिळालं. आज यादीत ‘इरा’ दिसते. छान आहे, पण अख्खी नदी मिळत असताना ओंजळभर का घ्यावी? ‘कृष्णा’ची एकच अडचण मी तिला सांगितली. मुलग्यांनाही लोक कृष्णाच म्हणतात, त्यामुळे कुठल्या तरी अर्जात कोणी तरी तिला ‘कुमार’ करून टाकील. त्यावर लक्ष ठेवायचं.

अभिजात नाव म्हटलं की शहरातल्या लोकांना मैत्रेयी, गार्गी, वैदेही आठवतात. नावं सुंदरच आहेत. पण माझ्या रजिस्टरात रखमा, तुळसा, गोदा, भागीरथी, सखू, जना होत्या आणि त्या गावठी ठरवून टाकल्या गेल्या. नाव रुक्मिणी ठेवलं तर पारंपरिक आणि रखमा ठेवलं तर अडाणी, हा न्याय कुठला? जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई, बहिणाबाई ही नावं मराठीनं शतकानुशतकं डोक्यावर घेतली आणि शाळेत घालताना मात्र त्यांची लाज वाटू लागली. मुक्ता तेवढी परत आली. जना आली तर मला आनंद होईल.

जुनं ते सगळंच सोनं, असंही मी म्हणणार नाही. आमच्याच सातारा जिल्ह्यात नकुशा नावाच्या मुली होत्या. मुलगा हवा असताना झालेली म्हणून ‘नकोशी’. 2011 मध्ये जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अशा मुलींना नवी नावं दिली. त्या नावाच्या मुलींचे दाखले मी लिहिलेत. नाव विचारलं की त्या मान खाली घालून सांगायच्या. परंपरेच्या नावाखाली असलं काही चालवून घ्यायची माझी तयारी नाही.

आता दुसऱ्या नावाकडे येते, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय. इंग्रज लोक मधलं नाव हौसेनं निवडतात, कधी आजीचं, कधी मावशीचं. आपल्याकडे ते निवडायचंच नसतं. आधी बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं. पूर्वी तर पहिलंही बाईचं राहत नसे. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, की माहेरचं मिटलं. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी. देवराष्ट्रे गावची यमुना रमाबाई रानडे झाली. विधवा गोदूबाईंशी महर्षी कर्व्यांनी 1893 मध्ये लग्न केलं, त्यांच्याही आनंदीबाई झाल्या. एवढ्या कर्तबगार बायका, पण आईबापांनी दिलेली नावं आज चरित्रात पहिल्या पानावर एकदा येतात आणि संपतात.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या रजिस्टरात आईच्या नावाला रकानाच नव्हता, तो नंतर आला. एकदा एक बाई मुलीला पाचवीत घालायला आली. नवरा सोडून गेलेला. ती शेतमजुरीवर पोरीला वाढवत होती. वडिलांच्या नावापाशी मी थांबले. ती म्हणाली, “लिहायचं तर लिवा बाई, पण त्यो कुठं हाय ते मला इचारू नका.” मी लिहिलं, कारण रकाना तोच होता. शाळेत एक दिवसही न फिरकलेला तो माणूस त्या मुलीच्या प्रत्येक गुणपत्रिकेवर तिच्या नावाला चिकटून राहिला.

म्हणून मार्च 2024 मधला राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय मला मोठा वाटतो. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. वडिलांचं नाव काढलेलं नाही, आईचं आधी आणलंय. तरी कुरकुर ऐकू येते. नाव लांबतं, म्हणतात. तीन नावांनी आजवर कधी लांबलं नाही, चौथं बाईचं आलं तेव्हाच बरं लांबलं! बऱ्याच अर्जांमध्ये अजून तीनच रकाने दिसतात, ही अडचण मात्र खरी आहे. तिथे घाईघाईत आईचं नाव गाळून मोकळं होण्याचा मोह होतो. तो आवरायचा. मधल्या रकान्यात दोन्ही नावं एकाला लागून एक लिहिता येतात.

त्या निर्णयातली एक गोष्ट मला पटली नाही. विवाहितेच्या बाबतीत जुनीच पद्धत ठेवलीय, म्हणजे तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. जन्मल्यावर मिळालेलं आईचं नाव मांडवात पुन्हा जाणार असेल, तर मुलीला ते वीस-पंचवीस वर्षांच्या बोलीवर दिल्यासारखं झालं. नाव बदलण्याची सक्ती कुठलाही कायदा करत नाही, हे मुलींनी लक्षात ठेवावं आणि सासूबाईंनीही.

ज्यांच्या घरी नुकता पाळणा हललाय, त्यांना एक कारकुनी सल्ला देते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव ठरलं नसेल तर त्यासाठी घाई नाही. बारा महिन्यांपर्यंत ते फुकट घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा बाराव्या दिवशी मोबाइलमधलं पहिलं नाव उचलू नका. घरातल्या पणज्यांची नावं विचारा, मोठ्याने हाक मारून बघा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, पासपोर्ट, मतदार यादी या सगळ्यासाठी जन्मदाखलाच पुरावा आहे. त्यातली चूक पुढे प्रत्येक खिडकीवर निस्तरावी लागते. दाखला हातात पडला की मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी तिथेच उभं राहून वाचा, आणि आईचं नाव दुसऱ्या जागी आलंय ना, ते बघूनच घरी जा.